सौम्य स्पर्श आणि वेदनेची जाणीव : एक विवेचन

सारांश :

वेदना ही केवळ शरीराला झालेल्या इजेची नोंद नसून मज्जासंस्थेने घडविलेला अनुभव आहे, ही भूमिका गेल्या सहा दशकांत सर्वमान्य झाली आहे. त्यामुळे सौम्य स्पर्शाने वेदना कमी होते, या सार्वत्रिक अनुभवाकडे केवळ मनाची समजूत म्हणून पाहणे आता शक्य राहिलेले नाही. प्रस्तुत लेखात द्वार-नियंत्रण सिद्धान्त, मंद स्पर्शाला प्रतिसाद देणारे विशिष्ट मज्जातंतू आणि स्पर्श करणाऱ्या व्यक्तीशी असलेले नाते या तीन पातळ्यांवर स्पर्श व वेदना यांचा संबंध स्पष्ट केला आहे. नवजात अर्भकांच्या वेदनेच्या संदर्भात या ज्ञानाचे महत्त्व आणि त्याच्या मर्यादा यांचीही चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : वेदना, सौम्य स्पर्श, मज्जातंतू, द्वार-नियंत्रण सिद्धान्त, नवजात अर्भक, कांगारू मातृसेवा.

१. प्रस्तावना :

ठेच लागली, दाराच्या फटीत बोट चेमटले किंवा कपाटाच्या कडेवर डोके आपटले, की माणसाचा हात क्षणाचाही विचार न करता दुखऱ्या जागी जातो. पडलेल्या मुलाच्या गुडघ्यावर आई हळुवार हात फिरवते, फुंकर घालते आणि मुलाचे रडणे ओसरू लागते. या कृतीत कोणतेही औषध नसते. खरचटलेली त्वचा तशीच असते, रक्तही थांबलेले नसते. तरीही वेदना उणावते. मग नेमके बदलते ते काय ?

या प्रश्नाची दोन उत्तरे सहज दिली जातात. लक्ष दुसरीकडे वळल्यामुळे वेदना जाणवत नाही, हे पहिले उत्तर. मुलाची समजूत पटल्यामुळे ते शांत होते, हे दुसरे. या दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. परंतु ती अपुरी आहेत. लक्ष वळविणे एवढेच कारण असते, तर घाईघाईने घासलेला ब्रश आणि संथपणे फिरवलेला ब्रश यांच्या परिणामांत फरक पडण्याचे कारण नव्हते. समजूत एवढेच कारण असते, तर ज्याला भाषा अवगत नाही अशा चार दिवसांच्या अर्भकावर स्पर्शाचा परिणाम दिसला नसता. प्रत्यक्षात हे दोन्ही परिणाम प्रयोगांत आढळले आहेत. म्हणून त्यांची शास्त्रीय मीमांसा आवश्यक ठरते.

या विषयाला एक गंभीर व्यावहारिक बाजूही आहे. ज्यांना आपली वेदना शब्दांत सांगता येत नाही, त्यांच्या वेदनेकडे दुर्लक्ष होण्याचा धोका सर्वाधिक असतो. स्पर्शाचे शास्त्र समजून घेणे हे अशा व्यक्तींच्या, विशेषतः नवजात बालकांच्या, उपचारांशी थेट जोडलेले आहे.

२. वेदना : इजा आणि अनुभव यांतील अंतर :

सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त याने वेदनेचे जे चित्र मांडले, त्याचा प्रभाव दीर्घकाळ टिकला. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या मानवी शरीराविषयीच्या ग्रंथात पायाशी असलेली आग आणि मेंदूपर्यंत जाणारा धागा यांचे वर्णन येते. दोरीचे एक टोक ओढल्यावर दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी, तशी इजा झाल्यावर मेंदूत वेदना उमटते, अशी ही कल्पना होती. या चित्रानुसार जेवढी इजा मोठी, तेवढी वेदना मोठी असावयास हवी.

अनुभव मात्र याच्याशी जुळत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या हेन्री बीचर यांनी १९४६ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. रणांगणावर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी बहुसंख्य सैनिकांनी वेदनाशामक औषध मागितले नव्हते. त्यांची शुद्ध हरपलेली नव्हती आणि त्यांच्या जखमाही किरकोळ नव्हत्या. याउलट कापून टाकलेल्या, म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या अवयवात तीव्र वेदना जाणवत असल्याची तक्रार अनेक रुग्ण करतात. इजा असूनही वेदना नाही आणि अवयव नसूनही वेदना आहे, या दोन टोकांच्या अनुभवांना घंटेच्या दोरीचे रूपक सामावून घेऊ शकत नाही.

वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेली व्याख्या २०२० मध्ये सुधारली. त्यानुसार वेदना हा शरीराच्या ऊतींना झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या हानीशी निगडित असलेला, अथवा तसा भासणारा, अप्रिय असा संवेदनात्मक व भावनिक अनुभव होय. वेदना सांगता येत नाही म्हणून ती नाही असे मानता येणार नाही, हेही या व्याख्येसोबतच्या टिपणांत स्पष्ट केले आहे. व्याख्येतील 'संवेदनात्मक' आणि 'भावनिक' ही दोन्ही विशेषणे महत्त्वाची आहेत. स्पर्शाचा परिणाम या दोन्ही अंगांवर होतो, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. द्वार-नियंत्रण सिद्धान्त :

त्वचेपासून मज्जारज्जूकडे संदेश वाहून नेणारे तंतू एकाच प्रकारचे नसतात. स्पर्श, दाब व कंप यांचे संदेश प्रामुख्याने जाड तंतूंमधून जातात. त्यांच्याभोवती मायलिनचे मेदयुक्त आवरण असल्यामुळे त्यांतील संदेशाचा वेग साधारणपणे सेकंदाला ३५ ते ७५ मीटर असतो. तीक्ष्ण, झटकन जाणवणारी वेदना पातळ आवरण असलेल्या तंतूंमधून सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने जाते. मागाहून येणारी ठसठस किंवा जळजळ ही आवरणरहित अशा अतिशय बारीक तंतूंमधून येते आणि त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर असतो. ठेच लागल्यावर प्रथम कळ येते आणि काही क्षणांनी ठणका सुरू होतो, याचे कारण वेगातील या फरकात आहे.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि ब्रिटिश मज्जाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात वेदनेचा नवा सिद्धान्त मांडला. तो द्वार-नियंत्रण सिद्धान्त म्हणून प्रसिद्ध आहे. मज्जारज्जूच्या मागील बाजूस असलेल्या करड्या भागात वेदनेच्या संदेशासाठी जणू एक दार असते, अशी त्यांची मांडणी होती. बारीक तंतूंमधून येणारे संदेश हे दार उघडतात, तर जाड तंतूंमधून येणारे स्पर्शाचे संदेश तेथील अवरोधक पेशींना उद्दीपित करून ते ओढून घेतात. दुखऱ्या जागेभोवती चोळल्यावर जाड तंतू सक्रिय होतात आणि वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्यापूर्वीच क्षीण होतो. याशिवाय मेंदूकडून खाली येणारे संदेशही हे दार किती उघडे राहावे हे ठरवितात, असा या सिद्धान्ताचा दुसरा महत्त्वाचा भाग होता.

या सिद्धान्ताचे पडसाद उपचारपद्धतीत लवकरच उमटले. जाड तंतूंना सौम्य विद्युत्प्रवाहाने उद्दीपित केल्यास वेदना तात्पुरती थांबते, असे वॉल आणि शल्यविशारद विल्यम स्वीट यांनी १९६७ मध्ये दाखविले. भौतिकोपचार केंद्रांत आज वापरले जाणारे, त्वचेवर पट्ट्या लावून प्रवाह देणारे उपकरण याच विचारातून पुढे आले. मूळ सिद्धान्तात दर्शविलेल्या पेशींच्या जोडणीचा तपशील पुढील संशोधनाने बराच बदलला. तथापि वेदनेचा संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच कमी-अधिक केला जातो, हे त्याचे मूलतत्त्व टिकून राहिले.

असे असले तरी या सिद्धान्ताने सर्व प्रश्न सुटत नाहीत. चोळण्याने आराम का पडतो हे त्यातून समजते. पण चोळणे आणि हळुवार हात फिरवणे या दोन भिन्न कृती आहेत. दुसऱ्या कृतीत दाब अत्यल्प असतो. शिवाय दुखापत पायाला झालेली असताना कोणी हात हाती घेतला तरी दिलासा मिळतो. तेथे दुखऱ्या भागाचे दार ओढून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

४. मंद स्पर्शाचे स्वतंत्र तंतू :

स्वीडिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ इंग्वे झॉटरमन यांनी १९३९ मध्ये मांजरावरील प्रयोगांत एक वेगळीच नोंद केली होती. वेदना व तापमान यांच्यासाठीच असल्याचे मानल्या गेलेल्या आवरणरहित बारीक तंतूंपैकी काही तंतू हलक्या स्पर्शालाही प्रतिसाद देत होते. माणसात असे तंतू उरले नसावेत, असा समज बराच काळ होता. १९९० पासून मात्र स्वीडनमधील संशोधकांनी, विशेषतः ऑके वाल्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागृत व्यक्तींच्या मज्जातंतूत अत्यंत सूक्ष्म सुई घालून केलेल्या नोंदींतून माणसाच्या केसाळ त्वचेतही असे तंतू असल्याचे दाखवून दिले. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू असे म्हणतात. सोयीसाठी त्यांना 'मंदस्पर्श तंतू' म्हणता येईल.

या तंतूंचे कार्य काय, या प्रश्नावर २००२ मध्ये हाकान ओलाउसन व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने प्रकाश टाकला. आजारामुळे जाड स्पर्शतंतू नष्ट झालेल्या एका रुग्णाच्या हातावर मऊ ब्रश फिरविला असता त्या व्यक्तीला काहीशी पुसट, परंतु सुखद जाणीव झाली. त्या वेळी मेंदूतील स्पर्शाचे स्थान व स्वरूप ओळखणारा भाग उद्दीपित झाला नाही. भावना आणि शरीराची अंतर्गत स्थिती यांच्याशी संबंधित असलेला इन्सुला हा खोलवरचा भाग उद्दीपित झाला. म्हणजेच 'काय स्पर्शले' हे सांगणारी एक व्यवस्था आणि 'तो स्पर्श कसा वाटला' हे सांगणारी दुसरी व्यवस्था, असा भेद मज्जातंतूंच्या पातळीपासूनच सुरू होतो, असे मानण्यास आधार मिळाला.

या तंतूंची आणखी दोन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाने फिरणाऱ्या ब्रशला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्याहून संथ किंवा त्याहून जलद स्पर्शाला त्यांचा प्रतिसाद घटतो आणि व्यक्तीला वाटणारी सुखदताही त्याच प्रमाणात घटते. २०१४ मधील अभ्यासात असे दिसले, की स्पर्श करणारी वस्तू त्वचेच्या स्वाभाविक तापमानाची, म्हणजे सुमारे ३२ अंश सेल्सिअस असताना हा प्रतिसाद उत्तम असतो. थोडक्यात, दुसऱ्या माणसाच्या हाताची ऊब आणि कुरवाळण्याची गती यांच्याशीच हे तंतू जुळलेले आहेत. माणसे आपल्या बाळाला किंवा जोडीदाराला कोणत्याही सूचनेशिवाय कुरवाळतात, तेव्हा त्यांच्या हाताची गती याच पल्ल्यात असते, असे २०१६ मधील एका अभ्यासात आढळून आले.

या तंतूंचा वेदनेशी असलेला संबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून पुढे आला. निरोगी व्यक्तींना उष्णतेमुळे होणारी वेदना देण्यात आली आणि त्यापूर्वी त्यांच्या त्वचेवर संथ किंवा जलद गतीने ब्रश फिरविण्यात आला. संथ गतीच्या स्पर्शाने वेदना अधिक कमी झाली. जाड तंतू तर जलद गतीच्या ब्रशला अधिक जोमाने प्रतिसाद देतात. त्यामुळे हा परिणाम केवळ द्वार-नियंत्रणाच्या मूळ मांडणीने स्पष्ट होत नाही. मंदस्पर्श तंतूंचा त्यातील वाटा मान्य करावा लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मंदस्पर्श तंतूंचे संदेश वेदनेच्या मार्गानेच मज्जारज्जूतून वर जातात, असे पूर्वी गृहीत धरले जात होते. परंतु असह्य कर्करोगवेदनेसाठी ज्या रुग्णांचा हा मार्ग शस्त्रक्रियेने छेदला होता, त्यांची वेदना, खाज व तापमान यांची जाणीव घटूनही स्पर्शाची सुखदता कायम राहिल्याचे २०१९ मधील अभ्यासाने दाखविले. त्यामुळे सुखद स्पर्श ही एकाच तंतूची करामत नसून अनेक मार्गांनी आलेल्या माहितीची गुंफण आहे, असे मानणे अधिक युक्त ठरते.

५. स्पर्श कोणाचा ? नाते आणि वेदना :

तळहातावर मंदस्पर्श तंतू अत्यंत विरळ असतात. तरीही संकटसमयी माणूस आधारासाठी हातच पुढे करतो. यावरून स्पर्शाच्या परिणामाचा काही भाग त्वचेत नव्हे, तर त्या स्पर्शाच्या अर्थात असला पाहिजे, हे उघड होते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पायाला सौम्य विजेचा धक्का बसण्याची शक्यता समोर असताना त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. त्या काळात त्यांनी कधी पतीचा हात धरला होता, कधी अनोळखी व्यक्तीचा, तर कधी कोणाचाही नाही. पतीचा हात हाती असताना धोक्याला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद सर्वांत कमी होता. अनोळखी हातानेही काही परिणाम साधला, पण तो मर्यादित होता. ज्यांचे वैवाहिक नाते अधिक समाधानकारक होते, त्यांच्या बाबतीत पतीच्या स्पर्शाचा परिणामही अधिक होता. हात तोच, दाब तोच. पण नात्याच्या गुणवत्तेनुसार मेंदूने त्या स्पर्शाचे मोल वेगळे केले.

पावेल गोल्डस्टीन व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २२ जोडप्यांवरील अभ्यास मांडला. स्त्रीच्या हाताला उष्णतेची वेदना दिली जात असताना जोडीदाराने तिचा हात धरला, तर दोघांच्या मेंदूतील विद्युत्लहरींमधील सहसंबंध वाढला आणि हा सहसंबंध जेवढा अधिक, तेवढी वेदनाही कमी नोंदली गेली. जोडीदाराला तिची वेदना जितकी अचूक समजली, तितका हा परिणाम स्पष्ट होता. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे खरे. तथापि वेदना ही पूर्णतः एकट्याने भोगावयाची गोष्ट आहे, या समजुतीला या निष्कर्षांनी निश्चित छेद दिला.

अर्थाचा परिणाम शरीरावर कसा होतो, याचे उत्तर मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या मार्गांत आहे. मध्यमेंदूतील एका विशिष्ट भागाला विद्युत् उद्दीपन दिल्यास उंदरांवर भूल न देता शस्त्रक्रिया करता येते, असे १९६९ मध्ये दिसून आले होते. १९७५ मध्ये मेंदूतच तयार होणारी, अफूसारखा परिणाम करणारी द्रव्ये सापडली. सुरक्षिततेची खात्री, विश्वास आणि धीर यांमुळे वेदनारोधक यंत्रणेला चालना मिळते, तर भीती आणि एकाकीपणा यांमुळे वेदना तीव्र होऊ शकते. आपल्या माणसाचा स्पर्श हा शरीराला 'तू एकटा नाहीस' असे सांगणारा सर्वांत जुना संदेश आहे. कळ आली असता मराठी माणसाच्या तोंडून 'आई गं' हेच उद्गार निघतात, यामागील मानसशास्त्रही हेच असावे.

६. न बोलणाऱ्यांची वेदना : नवजात अर्भके :

विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांतही नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या, बालकांवर अनेकदा अपुरी भूल देऊन शस्त्रक्रिया केल्या जात. त्यांची मज्जासंस्था अपरिपक्व असल्याने त्यांना खरी वेदना जाणवत नाही आणि भुलेची औषधे मात्र धोकादायक ठरतात, अशी त्यामागची धारणा होती. इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी या धारणेला आव्हान दिले. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांमध्ये शस्त्रक्रियेचा शारीरिक ताण कमी असतो व गुंतागुंतही कमी होते, असे दाखविले. त्यानंतर नवजात वेदनेकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी बदलू लागली.

शस्त्रक्रियेचा प्रश्न अशा रीतीने मार्गी लागला; पण दैनंदिन टोचण्यांचा प्रश्न राहिला. पॅरिस परिसरातील अतिदक्षता विभागांत ४३० नवजात बालकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रत्येक बालकाला दररोज सरासरीने सुमारे १० वेदनादायक प्रक्रियांना सामोरे जावे लागत होते आणि अशा प्रक्रियांपैकी सुमारे ७९ टक्के प्रक्रिया वेदनाशमनाच्या कोणत्याही विशिष्ट उपायाविना पार पडत होत्या. टाचेला टोचून रक्त घेणे, शिरेत सुई घालणे, चिकटपट्टी ओढून काढणे या त्यांतील नित्याच्या बाबी होत. अशा प्रत्येक वेळी प्रभावी औषध देणे व्यवहार्यही नसते आणि सुरक्षितही नसते. स्पर्शाचे मोल येथे कळते.

बोस्टन येथील संशोधकांनी २००० मध्ये ३० निरोगी नवजात बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. टाचेला टोचताना ज्या बालकांना आईच्या उघड्या छातीशी धरले होते, त्यांचे रडणे पाळण्यातील बालकांच्या तुलनेत ८२ टक्क्यांनी आणि चेहरा वेडावाकडा होणे ६५ टक्क्यांनी कमी होते. २०१७ मध्ये अद्ययावत केलेल्या कॉक्रेन समीक्षेत अशा २५ अभ्यासांचा, एकूण २००१ बालकांच्या माहितीचा, विचार करण्यात आला. त्वचेला त्वचा लावून धरणे हा टोचण्याच्या वेदनेवरील परिणामकारक व सुरक्षित उपाय असल्याचे दिसते, असा तिचा निष्कर्ष होता. मुंबईतही दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांची चिकटपट्टी काढताना होणाऱ्या वेदनेवर कांगारू मातृसेवा आणि आईचे काढलेले दूध या दोन उपायांची तुलना करण्यात आली. ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली व दोन्ही उपाय उपयुक्त ठरल्याचे तीत आढळले.

बालक रडले नाही म्हणजे त्याला दुखले नाही, असे म्हणता येईल काय, ही शंका येथे रास्त आहे. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०१८ मध्ये तिचा विचार केला. टाचेला टोचण्यापूर्वी काही सेकंद बालकाच्या पायावर मऊ ब्रश सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर या गतीने फिरविण्यात आला आणि मेंदूतील विद्युत्लहरींची नोंद घेण्यात आली. अशा बालकांच्या मेंदूत वेदनेशी निगडित असलेली क्रिया कमी आढळली. म्हणजे सौम्य स्पर्शाने केवळ रडणे दबत नाही. वेदनेचा संदेश मेंदूत ज्या रीतीने हाताळला जातो, त्यातच बदल होतो.

कांगारू मातृसेवा ही पद्धती मुळात वेदनेसाठी निर्माण झालेली नव्हती. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी तापनपेट्यांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून कमी वजनाच्या बालकांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्यास प्रारंभ केला. अभावातून जन्मलेला हा उपाय पुढे श्रेष्ठ ठरला. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३२११ बालकांचा समावेश होता. जन्मानंतर लगेच कांगारू सेवा सुरू केलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२.० टक्के, तर प्रचलित पद्धतीच्या गटात १५.७ टक्के होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बालकांसाठी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर ही सेवा देण्याची शिफारस केली. मृत्युदरातील घट ही ऊब, स्तनपान आणि संसर्गापासून संरक्षण अशा अनेक कारणांनी झालेली असू शकते. तिचे सारे श्रेय वेदनाशमनाला देता येणार नाही. मात्र ज्या स्पर्शाने वेदना कमी होते, तोच स्पर्श जीव वाचविण्याच्या व्यवस्थेचाही भाग आहे, हे महत्त्वाचे होय.

महाराष्ट्रात तान्ह्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्याची परंपरा सर्वपरिचित आहे. तिचा उल्लेख या संदर्भात अनेकदा केला जातो. परंतु जोर लावून अंग रगडणे आणि सौम्य स्पर्श या शरीरशास्त्राच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. उपरोक्त निष्कर्ष संथ, हलक्या व उबदार स्पर्शाविषयीचे आहेत. ते प्रत्येक प्रकारच्या मालिशला लागू करणे उचित ठरणार नाही.

७. मर्यादा आणि सावधगिरी :

पहिली मर्यादा अशी, की स्पर्श नेहमीच सुखद नसतो. नागीण होऊन गेल्यावर काही रुग्णांना अंगावरील सुती कपड्याचा स्पर्शही असह्य होतो. मज्जातंतूंना इजा झाल्यावर मज्जारज्जूतील अवरोधक यंत्रणा दुबळी पडते आणि स्पर्शाचे संदेश वेदनेच्या मार्गावर शिरतात. अशा वेळी हात फिरविणे म्हणजे दिलासा नव्हे, छळ ठरेल.

दुसरी मर्यादा संमतीची आहे. नको असलेला, अनाहूत किंवा धमकावणारा स्पर्श वेदनारोधक यंत्रणेला नव्हे, भीतीला चालना देतो. स्पर्शाचा अर्थ वय, लिंग, नाते व संस्कृती यांनुसार बदलतो. त्यामुळे रुग्णसेवेत स्पर्शाचा सरसकट नियम करता येत नाही.

तिसरी मर्यादा पुराव्याच्या स्वरूपाची आहे. स्पर्श होत आहे की नाही, हे सहभागी व्यक्तीपासून लपविता येत नाही. त्यामुळे औषधांच्या चाचणीसारखी काटेकोर तुलना कठीण होते. अनेक अभ्यासांतील सहभागींची संख्याही अल्प आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात १३७ अभ्यासांचे एकत्रीकरण करण्यात आले. वेदना, चिंता व नैराश्य यांवर स्पर्शाचा अनुकूल परिणाम होतो, प्रत्येक वेळचा कालावधी वाढविण्यापेक्षा स्पर्शाची वारंवारता अधिक उपयुक्त ठरते आणि नवजात बालकांच्या बाबतीत आरोग्यसेवकापेक्षा माता-पित्यांचा स्पर्श अधिक परिणामकारक असतो, असे त्यातून दिसून आले.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे स्पर्श हा औषधाला पर्याय नाही. शस्त्रक्रिया, भाजणे किंवा कर्करोग यांच्या वेदनेत योग्य वेदनाशामके देणे हे वैद्यकीय कर्तव्य आहे. स्पर्शाचे गुणगान हे औषध नाकारण्याचे निमित्त झाले, तर नवजात बालकांच्या वेदनेबाबत झालेली जुनी चूक नव्या रूपात परत येईल.

येथे स्पर्श नाकारला जाण्याचाही विचार केला पाहिजे. कुष्ठरोगात जंतू मज्जातंतूंवर आघात करतात आणि रुग्णाची स्पर्शाची व वेदनेची जाणीव नष्ट होते. वेल्लोर येथे कार्य केलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखविले, की रुग्णांची झडणारी बोटे ही बहुतांशी वेदना न जाणवल्यामुळे झालेल्या दुर्लक्षित जखमांची परिणती असते. वेदना ही संरक्षक असते, याचा याहून विदारक पुरावा नाही. या रुग्णांच्या वाट्याला दुहेरी वंचना आली. रोगाने त्यांच्या त्वचेची जाणीव हिरावली आणि समाजाने त्यांना स्पर्श करणे सोडले. बाबा आमटे यांच्या आनंदवनातील कार्याचे महत्त्व या दृष्टीनेही पाहता येते. उपचार व पुनर्वसन यांच्याबरोबरच तेथे त्या माणसांचे माणूसपण हात पुढे करून मान्य केले गेले.

८. निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की सौम्य स्पर्शाचा वेदनेवरील परिणाम तीन पातळ्यांवर घडतो. मज्जारज्जूच्या पातळीवर स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना अडवितात. मंदस्पर्श तंतूंच्या पातळीवर संथ आणि उबदार स्पर्श सुखद भावनेची नोंद करतो व वेदनेची तीव्रता घटवितो. मेंदूच्या पातळीवर स्पर्श करणाऱ्याशी असलेले नाते सुरक्षिततेचा अर्थ पुरविते आणि वरून खाली येणारी वेदनारोधक यंत्रणा कार्यान्वित होते. प्रत्यक्ष जीवनात या तिन्ही पातळ्या एकत्रच काम करतात. म्हणूनच आईचा हात हा ब्रशहून आणि उपकरणाहून वेगळा ठरतो.

या ज्ञानाचे व्यावहारिक फलित साधे, परंतु दूरगामी आहे. नवजात अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर आईला उभे करण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. केंद्र शासनाने २०१७ मध्ये नवजात बालकांच्या सेवेत कुटुंबाच्या सहभागाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, हे या दिशेने टाकलेले योग्य पाऊल होय. त्यांची अंमलबजावणी ही खाटेशेजारी एक खुर्ची ठेवणे, टोचण्याची वेळ आईला आधी कळविणे आणि परिचारिकेला त्यासाठी काही मिनिटांची उसंत मिळणे, अशा लहान बाबींवर अवलंबून असते. परिचर्या, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र व समाजकार्य यांच्या अभ्यासक्रमांत स्पर्शाचे शरीरशास्त्र आणि स्पर्शाची नीती या दोहोंचा एकत्रित समावेश झाल्यास या बाबींकडे सोय म्हणून नव्हे, उपचार म्हणून पाहिले जाईल.

दुखऱ्या गुडघ्यावर फिरणारा हात जखम भरून काढत नाही. तो वेदनेची जाणीव बदलतो. आणि ज्याला दुखते त्याच्या दृष्टीने वेदना म्हणजे ती जाणीवच असते. चार दिवसांच्या बालकाला हे सांगता येत नाही. त्याच्या वतीने ते जाणून घेणे आणि तदनुसार वागणे ही मोठ्यांची जबाबदारी आहे.